दाराकडे तोंड करून

बाईंनी डॉक्टरीणबाईंच्या फुलदाणीतून तिसरा गुलाब उपटला आणि टेबलावर आडवा टाकला.

"हे काय आहे?"

"डच पद्धत, बाई. तुम्हीच म्हणाला होतात, भरगच्च हवी."

"भरगच्च म्हणाले होते, कोंबाकोंबी नाही. डच गुच्छात तीस फुलं असली तरी प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा असते. तुमच्या गुलाबांना घेरी आलीय."

बाकीच्या चौघी हसल्या. बेतानेच, कारण पाळी सगळ्यांवर येणार होती. दर शनिवारी बाईंच्या दिवाणखान्यात या पाचजणी जगभरच्या पुष्परचना शिकायला येत आणि अपमान करून घेऊन समाधानाने घरी जात. बाईंचं तोंड वाईट होतं. पण नजर पक्की होती, हे त्यांचे शत्रूही मान्य करत.

पुढे मॅनेजरीणबाईंची पसरट थाळी होती. तिच्यात खिळ्यांच्या चकतीवर तीन फांद्या उभ्या होत्या.

"तीन काड्या खोचल्या की जपानी झालं, असं वाटतं लोकांना." बाईंनी थाळी अर्धी फिरवली. "आणि ही तार कोणासाठी ठेवलीत?"

"ती मागे आहे, बाई."

"मागे कुठे? दारातून येणाऱ्याला पहिली तीच दिसतेय. या रचनेला तोंड असतं आणि पाठ असते. तोंड येणाऱ्याकडे. आधाराच्या काड्या, तार, चिकटपट्टी, जी काय लाज असेल ती पाठीमागे. पाहुण्याला पाठ दिसली की संपलं."

सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आतल्या खोलीच्या दारात मावशी उभी होती. ती बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होती. पण आजाऱ्यांची उठबस करणारी बाई वयाने कितीही असो, सगळ्यांची मावशीच होते. तिच्या हातात सूपचा रिकामा वाडगा होता.

"बाई, ही टाकलेली घेऊ का?"

"घ्या. कचराच आहे."

मावशीने मोडके गुलाब आणि दोन-चार शेवंत्या पदरात गोळा केल्या.

"घरी नेत असेल," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"नेऊ दे. तिथे शोभतील."

वर्ग सुटल्यावर बाई आत गेल्या. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी त्यांच्या नवऱ्याची उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं होतं. तेव्हापासून तो या पलंगावर पाठीवर पडून होता. पलंग आणि दार यांच्यामध्ये एक बुटकं कपाट होतं. त्याच्यावर दर सोमवारी बाई नवी रचना ठेवत, दाराकडे तोंड करून. भेटायला येणारे दारातच थांबत, "वा, किती प्रसन्न!" म्हणत आणि पलंगाकडे पाहणं टळलं म्हणून हलके होऊन परत जात.

आज पलंगाच्या उशाशी सलाइनच्या जुन्या स्टँडला सहा फुलं टांगलेली होती. उलटी, डोकी खाली, वाळत घातलेल्या मोज्यांसारखी एका रांगेत.

"हे काय लावलंय?"

"फुलं, बाई."

"ते दिसतंय मला. ही कुठली पद्धत? डच, जपानी, की तुमच्या गल्लीतली?"

"पद्धत कसली त्यात. साहेबांना बरं वाटतं."

"साहेब म्हणाले तसं तुम्हाला?"

मावशीने खाली पाहिलं. "म्हणत नाहीत. पण टांगल्यापासून सूप पूर्ण पितात."

"परवा पडद्याच्या दांडीला, काल खिडकीच्या गजाला. तिसऱ्यांदा सांगतेय. सोमवारी मंडळाच्या बायका येणार आहेत, त्यांनी हे बघितलं तर मी तोंड कुठे लपवू? चौथ्यांदा सांगायची मला सवय नाही. पिशवी भरा. उद्यापासून येऊ नका."

ही आठ महिन्यांतली चौथी मावशी होती. आधीच्या तिघींच्या हातून नवऱ्याने धड दोन चमचेही घेतले नव्हते. मावशीने त्याची हनुवटी पुसली, चादर छातीपर्यंत ओढली आणि पिशवी आणायला स्वयंपाकघरात गेली.

बाईंनी कात्री घेतली आणि एकेक दोरा कापला. फुलं नवऱ्याच्या छातीवर पडत गेली. शेवटची शेवंती मात्र घसरून उशी आणि भिंत यांच्यामध्ये गेली. तिथे राहिली असती तर अभ्र्याला डाग पडला असता. बाईंनी एक गुडघा पलंगावर टेकला, वाकून हात घातला. पुरेना. अजून वाकल्या. गाल उशीला लागला तेव्हा कुठे बोटांना फूल मिळालं.

मान वळवून उठणार, तोच कपाटावरची रचना समोर आली.

उंच फांदीचं टोक इथून दिसत नव्हतं. लिली दिसत नव्हत्या. दिसत होती दोन वेढे दिलेली हिरवी तार, सुटत आलेली चिकटपट्टी, एका जर्बेराचा कापलेला खुंट आणि मागच्या कित्येक आठवड्यांची भोकं पडलेला फुलं खोचायचा स्पंज. सगळं नीट, शिस्तीत, मागच्या बाजूला लपवलेलं.

बाई तशाच राहिल्या. नवऱ्याच्या श्वासाला औषधाचा वास होता. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. वर पंख्याच्या वाऱ्याने सहा रिकामे दोरे हलत होते, तिकडे पाहत होता.

"निघते, बाई." मावशी दारात होती, खांद्याला पिशवी. "चारची गोळी चुरून द्या, अख्खी गिळवत नाही त्यांना."

"ही गाठ कोणी शिकवली तुम्हाला?"

"काय?"

"गाठ. देठाला काचते. संध्याकाळपर्यंत फुलाची मान मोडते. आणि सगळी एकाच उंचीला! डोळे आहेत की नाहीत?" बाईंचा आवाज उशीतून येत होता. "पिशवी ठेवा आधी. मऊ दोरा आणा, शिवणाच्या डब्यात लोकर आहे."

मावशी पिशवी ठेवून लोकर घेऊन आली. मग कपाटाकडे पाहून थबकली.

"आणि हे?"

"ते दाराला बघायला केलंय. बाहेर नेऊन ठेवा."

मावशीने ते बाहेर नेलं. परत येऊन तिने छातीवरचं एकेक फूल उचललं आणि स्टँडला बांधायला घेतलं. बाई उठल्या नाहीत. शेवंती त्यांच्या मुठीत होती.

"डावीकडचं खाली," त्या म्हणाल्या. "अजून खाली. उंची कळत नाही का हो तुम्हाला, मावशी?"