पाच हजारांत समुद्र

निवृत्त झाल्यावर माणसं एकतर देवाला धरतात, नाहीतर बायकोला. दत्तात्रेय मुतालिक सरांनी समुद्राला धरलं. तोही धारवाडजवळच्या रायापुरात बसून, जिथून सगळ्यांत जवळचा समुद्र दीडशे किलोमीटरवर आहे. फोनवर कुणीतरी गोरा माणूस लाटांत उभा राहून काठी भिरकावत होता, ते सरांनी पाहिलं आणि तीन महिने दुसरं काही पाहिलं नाही.

सरांनी चौतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेलं. त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय ते शिंकतसुद्धा नाहीत. वही घातली. काठीची लांबी, वाऱ्याचा वेग, शिशाचं वजन, फेकीचा कोन. मग गच्चीवर बांबूला सुतळी आणि सुतळीला पितळी कुलूप बांधून प्रयोग झाला. कोन बरोबर पंचेचाळीसचा होता. कुलूप शेजारच्या वसंतराव देसायांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांत जाऊन पडलं. सर म्हणाले, वाऱ्याचा हिशेब राहिला.

मुलगा साकेत बेंगळुरूला. त्यानं वडिलांच्या एकसष्टीला पाच हजार पाठवले, आणि सरांनी जाहीर केलं की एवढ्यात समुद्रावरच्या मासेमारीचा सगळा सरंजाम बसवून दाखवीन. सुरुवात कुठून केली? टोपीपासून. मानेवर झालर असलेली टोपी, आणि सतरा खिशांचा शर्ट. तेराशे रुपये तिथंच गेले. घोडा घ्यायच्या आधी चाबूक घेणारी माणसं असतात, त्यांतले आमचे सर.

शिवाय नियम आधीच ठरलेला. "धरायचा आणि सोडायचा. हा खेळ आहे, आहार नव्हे," असं त्यांनी शकुंतलाबाईंना सांगितलं, वसंतरावांना सांगितलं आणि भजनी मंडळातही सांगितलं. भजनी मंडळात त्यांचा शब्द चालतो. मागच्याच एकादशीला 'सात्त्विक आहार आणि मन' या विषयावर ते सव्वा तास बोलले होते. शेवटी त्यांनी बायकोकडे हात करून म्हटलंही होतं, "आमच्या हिनं बघा, लग्नानंतर मनानंच सोडलं."

शकुंतलाबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मनानं काही सोडलेलं नव्हतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या वेंगुर्ल्याच्या. एम.ए.ला धारवाडला आल्या, मुतालिकांच्या प्रेमात पडल्या आणि सासूबाईंनी देवघरासमोर उभं करून शब्द घेतला: मासा ह्या घरात येणार नाही आणि तुझ्या तोंडातही जाणार नाही. चोवीस वर्षांच्या मुलीला प्रेमापुढं बांगडा तो काय! दिला शब्द. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, शब्द मात्र ठणठणीत होता. माहेरी गेल्या की वहिनी त्यांच्यापुरती वेगळी उसळ करायची. बारा वर्षांपूर्वी वडील शेवटचे आजारी होते. मुडदुशी मासळी त्यांचा जीव की प्राण. दोन घासच जात होते. म्हणाले, "शकू, बस माझ्यासोबत. एक तुकडा खा." शकुंतलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. अप्पांनी पुन्हा विचारलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात ते गेले. ही गोष्ट त्यांना आजही मधेच कधीतरी, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, आठवते आणि शिट्ट्या चुकतात.

म्हणून सर ज्या दिवशी वहीत कोन काढत होते, त्याच दिवशी शकुंतलाबाईंनीही आपलं ठरवून टाकलं. सर धरतील तो मासा त्या सोडू देणार नव्हत्या. साठीला आलेल्या बाईनं आयुष्यात एकदा शब्द मोडला तर आभाळ काही कोसळत नाही. तिथंच वाळूवर चूल मांडीन, पण एक मासा खाईन. ते त्या कुणाला बोलल्या नाहीत. पण मासा खायचा तर आधी तो गळाला लागायला हवा, आणि सतरा खिशांच्या शर्टाला मासा लागत नाही. म्हणून सर सामान आणायला निघाले तेव्हा "मीपण येते हुबळीला" म्हणाल्या. तिथल्या दुर्गदबैल बाजारात खिसेकापूंची गर्दी, म्हणून सरांनी उरलेले पैसे त्यांच्याच पर्समध्ये ठेवायला दिले. सतरा खिसे होते, भरवसा एकावरही नव्हता.

दुकान दुर्गदबैलाच्या एका बोळात. पुढं दोऱ्या, जाळी, ताडपत्र्या, आणि आत भिंतीला लावलेल्या काठ्या. मालक हणमंत, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. "बर्री सर, बर्री अक्कार," म्हणत त्यानं स्टुलं पुढं केली.

सरांची नजर पहिल्याच फटक्याला सोनेरी रिळावर गेली. "तेरा बेअरिंग आहेत की ह्यात! घर्षण जवळजवळ शून्य." आणि सोबत एकात एक शिरणारी, पिशवीत मावणारी चकचकीत काठी.

हणमंत हसला. "सर, हे उणकल तळ्याचं सामान. गोड्या पाण्यात बेस्ट. समुद्राला नेलासा तर खारं पाणी तेराच्या तेरा बेअरिंगा खाईल. दुसऱ्या खेपेला रीळ फिरणार नाही बघा."

"तेल घालू की."

"तेल घालून मीठ जातंय होय?"

सरांनी वही उघडली. शकुंतलाबाईंनी ती हळूच मिटली आणि कोपऱ्यातल्या काळ्या, बिनदिमाखाच्या काठीकडे बोट केलं. "ती दोन तुकड्यांची द्या बघू. किती लांब? अकरा फूट? वाळूवरून टाकायला बरी. रीळ साधं काळंच द्या, मोठ्या पोटाचं. तंगूस नवीन असू दे, उन्हात पडलेला नको. पैसे तंगसावर घाला, रंगावर नको. आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं."

हणमंतानं कानावरची पेन्सिल काढली. नायलॉनच्या दोरीला तंगूस म्हणणारं गिऱ्हाईक त्याला हुबळीत फार दिवसांनी भेटलं असावं. "अक्का, समुद्राकडच्या तुम्ही?"

"होते," शकुंतलाबाई म्हणाल्या.

सर जरा नाराज झाले. चौतीस वर्षांत त्यांच्या वर्गात कुणी हात वर न करता बोललं नव्हतं. "आमिषाला मी कणकेच्या गोळ्या करणार आहे," ते म्हणाले. "तूप लावून. कोळंबीबिळंबीला मी हात लावायचा नाही. आणि मासाही धरून परत सोडणार."

"तूप लावून?" हणमंतानं विचारलं. "मग मासा जेवून दक्षिणा मागंल सर." आणि तो गळांचा डबा काढायला वाकला. बारीक, मोठे, टोकाला वळलेले असे दहा तऱ्हेचे गळ त्यानं कागदावर ओतले. "आता मेन गोष्ट सांगा. याव मीनु? म्हणजे कुठला मासा धरणार? त्यावर गळ ठरतो."

"मुडदुशी," सर म्हणाले.

पटकन म्हणाले. वहीत न बघता.

शकुंतलाबाईंनी मान वळवली. चौतीस वर्षांत हा शब्द त्या सासरच्या घरात एकदाही बोलल्या नव्हत्या. सासूबाईंच्या कानांवर मासळीचं नावसुद्धा पडू नये, अशी घराची शिस्त होती.

"हौद्री, म्हणजे आमचं काणे मीनु," हणमंत खूश झाला. "वाळूच्या किनाऱ्याला येते. केवढी धरायची? लहान की मोठी?"

"मध्यम. वीतभर." सरांचा आवाज एकदम वर्गातला झाला. विषय हाताशी आला की त्यांना थांबता येत नाही, हा त्यांचा जुना आजार. "त्याहून मोठी झाली की मधला काटा राठ होतो आणि रवा नीट धरत नाही. लहान घेतली तर नुसताच रवा लागतो. वीतभर असली की कसं, शेपटीकडून बोटानं धरून वर ओढायचं, काटा अख्खा हातात येतो आणि..."

इथं ते थांबले. पण गाडी फलाट सोडून पुढं गेली होती.

"सोडणाऱ्याला रवा कशाला लागतोय सर?" हणमंतानं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. बिचाऱ्याला खरंच कळलं नव्हतं.

"ऐकीव," सर म्हणाले. "ऐकीव माहिती."

"काटा हातात येतो ते ऐकीव?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग जे बाहेर आलं ते तुकड्या-तुकड्यांनी आलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षा. दरवर्षी एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक म्हणून सर कारवारला जायचे, आठ दिवस. परीक्षकाला तिथली मंडळी काय कमी करतात? पहिल्या वर्षी आग्रह झाला. "नाही म्हणणं बरं दिसेना. परीक्षकानं फटकून वागलं तर पोरांना वाटतं, सर मार्क देणार नाहीत." म्हणजे हेही विद्यार्थ्यांच्या हितासाठीच झालं.

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी त्यांना वाटलं, मला चालतं."

"किती वर्षं?"

"एकवीस," सर तंगसाच्या गुंडाळीकडे बघत म्हणाले. मग जरा धीर करून, "अगं, पण घरात कधी आणलं का मी? बाहेर चालतं गं. सगळ्यांचंच तसं असतं. घरात नाही आणलं म्हणजे झालं. आईला दिलेला शब्द मी पाळला की."

"शब्द मी दिला होता," शकुंतलाबाई म्हणाल्या.

माशाचा राग त्यांना आला नव्हता. खाल्ला तर खाल्ला, पोटाला काय कळतं. त्यांना आठवला तो एप्रिल. अप्पा आजारी असल्याची बातमी कळली तेव्हा सर कारवारातच होते आणि तिथूनच परस्पर वेंगुर्ल्याला आले होते. अप्पा म्हणाले, एक तुकडा खा. आपण मान हलवली. आणि आपल्या शेजारी, पाटावर मांडी घालून, कारवारची मुडदुशी पोटात घेऊन बसलेला हा माणूस तेव्हा काय म्हणाला होता? "अप्पा, तिला आग्रह करू नका, तिनं मनानंच सोडलंय." शकुंतलाबाईंना भर बाजारात इतका संताप आला की डोळ्यांपुढची काठीसुद्धा दिसेना.

"हणमंतअण्णा," त्या म्हणाल्या, "हे सगळं परत ठेवा. आज नको."

"अक्का, दोनशे कमी करतो."

"तुमचं काही चुकलं नाही. सामान चांगलं आहे. मासळी बाजार आता उघडा असेल?"

"कारवारची गाडी सकाळीच आली बघा," हणमंत म्हणाला, आणि सरांकडे न बघता गळ डब्यात भरू लागला.

आधी शेजारच्या दुकानातून जाड बुडाचा बिडाचा तवा घेतला. वेगळी विळी घेतली. मासळी बाजारात कोळिणीनं बर्फातल्या मुडदुशा दाखवल्या, तेव्हा शकुंतलाबाईंनी एकेकीचा कल्ला उघडून लाली बघितली, पोटावर बोट दाबलं, चार बाजूला टाकल्या आणि सहा घेतल्या. हाताला काही विसर पडला नव्हता. सर चार पावलं मागं, झालरीच्या टोपीत, ओळखीचं कुणी दिसतंय का बघत उभे.

परतीच्या, चिगरी नावाच्या बसमध्ये एसी होता आणि दारं बंद होती. उणकल येईपर्यंत तीन माणसांनी जागा बदलली. शकुंतलाबाई पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या. सर खिडकीबाहेर बघत होते, जणू ही बाई कोण, त्यांना ठाऊकच नाही.

घरी आल्यावर शकुंतलाबाईंनी देवघराचं दार ओढून घेतलं. तेवढा मान सासूबाईंना दिला. बाकी सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या. हळद, तिखट, कोकमाचं आगळ, रवा. तवा तापला आणि पहिली मुडदुशी त्यावर पडली, तेव्हा तो वास स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून ओसरीत आणि तिथून थेट देसायांच्या अंगणात गेला.

"शकू, निदान खिडक्या तरी लाव," सर दाराशी येऊन म्हणाले. त्यांचे डोळे मात्र तव्यावर होते. "वसंतराव आता फिरायला निघतील."

"निघू देत."

"पण घरात..."

"घरात माझं आहे. तुमचं बाहेर चालतं ना? तुमचं ताट मी बाहेर ओसरीवर ठेवलंय."

सरांना नको म्हणता आलं असतं. सव्वा तास सात्त्विक आहारावर बोलणाऱ्याला एक नकार जड नव्हता. पण मुडदुशी वीतभर होती आणि रवा लालसर झाला होता. ते मुकाट्यानं बाहेर गेले आणि रस्त्याकडे पाठ करून बसले.

"काय सर, आज ओसरीवर पंगत?" फाटकातून वसंतरावांचा आवाज आला.

"आत उकडतंय हो," सर न वळता म्हणाले आणि ताटावर पेपर ओढला.

"वास कसला येतोय?"

"गटाराचं काम चाललंय कुठंतरी."

वसंतराव थोडा वेळ फाटकाशी उभे राहिले, दोनदा श्वास घेतला आणि पुढं गेले. भजनी मंडळात पुढच्या एकादशीला कोण बोलणार, ते तिथंच ठरलं असावं.

आत शकुंतलाबाई एकट्याच पाटावर बसल्या होत्या. पहिल्या घासाला अप्पांची आठवण येऊन रडू येईल, असं त्यांना वाटलं होतं. आठवण आली, रडू आलं नाही. भूक लागली होती. त्यांनी शेपटीकडून धरून काटा वर ओढला, तो अख्खा हातात आला, आणि सर खरं बोलले होते याचा त्यांना पुन्हा एकदा राग आला. मग दुसरी घेतली. तिसरी घेतली. कुणी मोजणारं नव्हतं.

बाहेर ताटली सरकल्याचा आवाज झाला. मग खिडकीशी, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, सरांचा आवाज आला, "शकू, अजून एक आहे का गं?"

"आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि ती आपल्या ताटात वाढून घेतली.