चाळिसावं पोट्टं

दरेकसाच्या जंगलात आमचा आंबाटोला, लहानशी वस्ती, आन् मी अनुसया, तिथली सुईण. सत्तावन सालच्या दिवाळीनंतर ईश्वरदास गुरुजी गोंदियाहून नकाशा घेऊन आले आन् पिंपळाखाली बसून घरं मोजू लागले. म्हणे, दिल्लीनं देशातल्या एकेका टोल्याची नोंद मागवली, शाळा कुठं कुठं पाहिजे ते ठरवाले. मी वाकून पाहिलं. आमचा टोला, राईएवढा ठिपका! बाप्पा, दिल्लीच आमच्याकडं पाहून राहिली जशी, मले तर हातपाय धुऊन यावंसं वाटलं.

गुरुजी म्हणे, शाळेले चाळीस पोट्टे पाहिजेत, कमी भरले तर शाळा नाही. आन् आमच्या बाया कशा! मोजून सांगितलं की नजर लागते, म्हणून एकेकीनं एक-दोन लपवले. हिसाब सव्वीसवर अडला. माहं डोस्कं फिरलं. टोल्यातली एकूणएक नाळ मी कापली, आन् मलेच ठगवून राहिल्या? मी गुरुजीच्या बाजूले बसली आन् घराघरातले लपवलेले पोट्टे सांगत गेली. शेजारची मंदाबाई भांडाले उठली, काऊन मोजतेस, माह्या पोट्ट्याले काही झालं तर तुले उंबरठा चढू देणार नाही. मी सांगतच राहिली.

एकोणचाळीस भरले.

गुरुजीनं कागद चाळले. बोलले, ही योजना आजच्यापुरती नाही, पुढच्या दहा सालांची आहे, पोटातलं असेल तेही धरता येते.

जे पोट्टं अजून माह्या हातात आलं नाही, त्याची जागा दिल्लीत धरून ठेवली! सुईण असून एवढ्या लांबचं मी कधी पाहिलं नाही. बाळंतीण सुटली की देवाले हात जोडते, बस.

माही सून रुख्मा बायांत उभी होती. तिसरा महिना. आधीचे दोन गेले, म्हणून यावेळी आम्ही कोणालेच सांगितलं नव्हतं. साऱ्यांचे पोट्टे मोजणारी मी, पण माहं तोंड काही उघडेना. मंदाबाई माह्याकडेच पाहून राहिली होती. लाज वाटली, तरी उघडेना.

"लिवा गुरुजी," रुख्मा बोलली. "माहंही लिवा."

गुरुजीनं चाळिसावी रेघ ओढली आन् ठिपक्याभोवती शाळेचा लाल गोल काढला. मग मंदाबाई घरात गेली, तव्याची काजळी बोटावर घेऊन आली, आन् रुख्माच्या कानामागं तीट लावली.