बुक्का लागलेला लॅटिन ग्रंथ

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या देवळात गुरुनाथकाका कीर्तनाला उभे राहिले की उत्तररंगातल्या आख्यानात हमखास रोमन फौजा यायच्या. काका निवृत्त सर्जन. एका म्हाताऱ्या पेशंटने, लॅटिनच्या मास्तराने, त्यांना ती भाषा शिकवली आणि जाताना पाचशे वर्षांपूर्वी व्हेनिसला छापलेला युद्धांचा इतिहास हाती दिला. काकांना आख्यानांची खाणच सापडली. वेढे, फितुरी, उपाशीपोटी बर्फ तुडवणारे शिपाई; आणि शेवटी झांजा थांबवून काकांचा सवाल, "एवढं जिंकलंत राजे, बरोबर काय नेलंत?" माणसं डोळे पुसायची.

कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांना हार घालून काळा सुगंधी बुक्का लावतात. सुमेधाकाकू पेटीवरून उठून आधी नवऱ्याला लावायच्या, मग चौरंगावरच्या उघड्या ग्रंथाला. "आज कथा त्याची, मग मान नको त्याला?" त्यांचं बघून सगळेच लावू लागले. पहिलं पान काळंभोर झालं, त्यावर हारांचं पाणी मुरलं. पोथीला हात जोडायची आपली रीत ती. यात चूक कोणाला दिसणार?

काकू गेल्या. काका आता वृद्धनिवासातल्या एका खोलीत राहायला जाणार होते. मुलगी अंतरा दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला. ती फोनवर म्हणाली,

"बाबा, मला वाचता येत नाही, मुलांना तर नाहीच. इथे बेसमेंटमध्ये पडून राहील. लायब्ररीला डोनेट करा ना."

तेवढी एकच आशा धरून काका कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. दुर्मीळ पुस्तकं सांभाळणाऱ्या डोरोथीबाईंनी पानं उलटली आणि हातमोजे बदलले.

"डॉक्टर, ही बुरशी आहे. आमच्या बाकीच्या पुस्तकांना लागेल."

"धुऊन घ्या. तो काळा डाग सगळा काढून टाका, माझी हरकत नाही."

हे वाक्य काकांनी घरी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. त्या काळ्यात सुमेधाचं बोट होतं.

"धुतलं तर कागदच उरणार नाही," बाई हळूच म्हणाल्या. "आणि याच छापाची स्वच्छ प्रत आहे आमच्याकडे. तुम्ही म्हणालात तर आम्ही याची विल्हेवाट लावू. अगदी नीट."

असं 'अगदी नीट' काकांनी उभ्या हयातीत पेशंटच्या कितीतरी नातेवाइकांना ऐकवलं होतं. त्यांनी ग्रंथ उचलला.

गाडीत बसले तोच अंतराचा फोन.

"घेतलं का त्यांनी?"

"घेतलं. जागा छान आहे, थंड."

"चला, एक काम संपलं. जेवून घ्या हं बाबा."

फोन ठेवून मांडीवरचा उघडा ग्रंथ मिटायला गेले, तर पहिल्या पानाचा कोपरा बोटांना चिकटून निघाला. काकांनी तो जागेवर ठेवला, अंगठ्याने दाबून धरला. राहीना.