सरांचा पॉज

सर एकदा रंगमंचावर अकरा सेकंद गप्प उभे राहिले होते, आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी त्या गप्प राहण्याबद्दल बोलण्यात घालवली.

नाटक जुनं होतं, अभिजात म्हणतात तसलं. शत्रू वेशीवर येतो, राजा शहराचा दरवाजा बंद करायला लावतो आणि नेमका त्याचाच मुलगा बाहेर राहतो. शेवटच्या अंकात मागे पहारेकरी मुकाट उभा असतो आणि म्हातारा राजा एकटाच बोलतो, "दरवाजा मी लावायला सांगितला. बाहेर कोण आहे, हे मला माहीत होतं." लिहिणाऱ्याने ही दोन वाक्यं एकामागोमाग एक लिहिली आहेत. सरांनी त्यांच्यामध्ये अकरा सेकंद घातले. दुसऱ्या दिवशी एका समीक्षकाने छापलं की नट थांबला तेव्हा अख्ख्या नाट्यगृहाचा श्वास थांबला. सरांनी ते कात्रण फ्रेम करून घेतलं. त्यानंतर मोठी भूमिका काही पदरात पडली नाही, पण कात्रणाच्या जोरावर अभिनयाचा वर्ग मात्र निघाला.

वर्ग एका छापखान्याच्या वरच्या खोलीत भरायचा. खालची यंत्रं सुरू झाली की करुण प्रसंगात जमीन आपोआप थरथरायची, हा एक जादा फायदा. वर्गात सत्याचा फार बोलबाला. खोटं वागलात तर प्रेक्षकाला लगेच वास येतो, असं सर उठता-बसता सांगत, आणि मग मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करत, मोबाइलवर सेकंद मोजत आणि पॉज घोटून घेत. त्याचं त्यांनी शास्त्रच बनवलं होतं. पहिल्या तीन सेकंदांत राजा, पुढच्या चारांत गुन्हेगार, शेवटच्या चारांत बाप. एका मुलीचा बाप नेहमी दोन सेकंद लवकर यायचा, म्हणून तिला शनिवारी जादा तास.

या वर्गात सरांची भाचीही होती, सख्ख्या बहिणीची मुलगी. घरी ती त्यांना मामा म्हणायची आणि जिना चढला की सर. मुलगी गुणी, पण तिच्यात एक खोट होती. ती वाक्य सरळ बोलायची. समोरच्याला काहीतरी सांगायचंय म्हणून बोलावं, तसं. ऐकणाऱ्याला वाटे, ही नाटक कधी सुरू करणार? सरांनी तीन वर्षं खपून ही खोट बरीचशी घालवली होती.

आणि आता मोठ्या नाट्यमंडळीत एक जागा निघाली होती. पंचविशीच्या आतल्यांनाच घेत, आणि भाची दोन महिन्यांनी पंचवीस पूर्ण करणार होती. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. औषधनिर्माणाचं चांगलं शिक्षण अर्ध्यात सोडून ती इकडे आली होती. बहिणीने सरांना बजावलं होतं, पोरीला तुझ्या भरवशावर सोडलंय, पुढे काय ते तूच बघ.

ऑडिशनला वर्गातले दहा जण गेले. भाचीचा नंबर नववा. दहावा होता बँकवाला. त्याने चोविसाव्या वर्षी बँकेतली कायमची नोकरी सोडली होती आणि सरांचा शब्दन् शब्द तो टिपून ठेवायचा. बोलून दाखवायला सगळ्यांना एकच उतारा दिला होता. राजाचा, दरवाजाचा. उतारा बघून सरांची छाती फुगली. परीक्षेत घरचाच प्रश्न आला होता.

मुलं बाहेर बाकावर बसली. सर जुने नट, म्हणून मंडळीच्या व्यवस्थापकाने त्यांना आदराने रंगपटात बसवलं, चहा दिला. रंगपटाच्या भिंतीवर एक लहानसा स्पीकर होता. रंगमंचावर कुठला प्रसंग चाललाय हे आतल्या नटांना कळावं, म्हणून तो तिथे असतो. सरांनी त्याचा आवाज वाढवला आणि खुर्चीत रेलून बसले.

पहिला विद्यार्थी थांबला. अकरा सेकंद, चोख. सरांनी चहाचा घोट घेतला. दुसरी थांबली, तिसरा थांबला. चौथी थांबली तेव्हा स्पीकरमधून दिग्दर्शिकेचा आवाज आला. ती कुणाला तरी हळू आवाजात म्हणत होती, "हे सगळे एकाच ठिकाणी का बंद पडतायत? आता यांच्यातलं जे कुणी तिथे थांबेल, त्याचं नाव मी खोडणार. ऐकवत नाही."

सरांनी कप बशीत ठेवला. उठून बाहेर जावं आणि मुलांना सांगावं, आज थांबू नका. एवढंच तर करायचं होतं. पण मुलं विचारणार, का? बावीस वर्षं जे शिकवलं ते आज का नको? मग याचं खरं उत्तर द्यावं लागणार. सर पुन्हा खुर्चीत बसले. मनात म्हणाले, या पाचव्याचं होऊन जाऊ दे, मग बघू. पाचवा थांबला. सहाव्याच्या वेळी त्यांनी बुटाची नाडी नीट केली. सातवीच्या वेळी आरशात स्वतःकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. आठवी म्हणजे ती शनिवारच्या जादा तासाची मुलगी. तिचा बाप आज अगदी वेळेवर आला. दिग्दर्शिकेने तिला वाक्यही पूर्ण करू दिलं नाही.

मग मात्र सर उठले, दार उघडलं आणि भाचीला आत बोलावलं. ती कागद हातात घेऊन आली. म्हणाली, सर, माझा नंबर आला. सरांनी तिच्यामागे दार लावून घेतलं.

"तू थांबू नकोस," ते म्हणाले. "मी वाक्य विसरलो होतो."

"कधी?"

"त्या प्रयोगात. पुढचं वाक्यच आठवेना. पहारेकरी झालेला नट माझ्यामागे उभा होता, त्याने ओठ न हलवता सांगितलं, तेव्हा मी बोललो. तो आता नाही. कुणालाच माहीत नाही."

भाची गप्प झाली. सरांनी सवयीने सेकंद मोजायला सुरुवात केली आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"मग तीन वर्षं मी भिंतीकडे बघून काय करत होते, मामा?"

नाटकाच्या कामात ती त्यांना कधीच मामा म्हणत नसे. सरांना तो शब्द थोबाडीत बसल्यासारखा लागला. ते म्हणाले, "तू मुळात जसं बोलायचीस ना, तसं बोल. ते चांगलं होतं. मला तेव्हाही कळत होतं."

"आणि आधीचे आठ जण?"

तेवढ्यात बाहेरून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती मामांकडे एकदा बघून निघून गेली.

सर स्पीकरखाली उभे राहिले. एवढी भीती त्यांना त्या अकरा सेकंदांतही वाटली नव्हती. भाचीचा आवाज आला. "दरवाजा मी लावायला सांगितला. बाहेर कोण आहे, हे मला माहीत होतं." मध्ये काही नाही. एका माणसाने जे केलं ते त्याने सांगून टाकलं, बस. ही दोन वाक्यं सरांनी हजारदा ऐकली होती. राजाने मुलाला जाणूनबुजून बाहेर ठेवलं होतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

उतारा संपला. दिग्दर्शिकेने विचारलं, कुठे शिकलात? भाचीने वर्गाचं नाव सांगितलं.

"तिथले सगळे मध्ये थांबतात. तुम्ही थांबला नाहीत?"

"विसरले," भाची म्हणाली.

हशा पिकला. दिग्दर्शिका म्हणाली, "बरं झालं विसरलात. सोमवारी कागदपत्रं घेऊन या."

सरांच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले आणि आनंदाच्या पाठोपाठ शरमही आली. पोरगी एका शब्दात खरं सांगून मोकळी झाली असती. तिने ते केलं नाही. भर सभेत मामाची अब्रू झाकली. आता गुपचूप घरी जायला हरकत नव्हती. कात्रण जागच्या जागी होतं, आणि वर्ग उद्याही भरणार होता.

पण बाहेर बाकावर बँकवाला अजून बसला होता.

सर बाहेर आले. बँकवाला डोळे मिटून, ओठ न हलवता आकडे मोजत होता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज कापत होता, पण या वेळी ते अडखळले नाहीत. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो पॉज नव्हताच, मी वाक्य विसरलो होतो, घाबरलो होतो, बावीस वर्षं तुम्हा सगळ्यांना फसवलं, तू आत जाऊन सरळ बोल, अजिबात थांबू नकोस. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाकावर थांबलेले इतर वर्गांचे उमेदवारही मान वळवून बघू लागले.

बँकवाला डोळ्यांची पापणीही न लववता त्यांच्याकडे बघत होता. आधी चेहरा बघितला, मग थरथरणारा हात, मग पुन्हा चेहरा. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि उताऱ्याच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलं: थांबताना वाक्य विसरल्यासारखं वाटलं पाहिजे. खाली दोन रेघा मारल्या.

आतून त्याला बोलावणं आलं. तो उठला आणि सरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"हे आधी सांगायला हवं होतंत, सर," तो म्हणाला आणि आत गेला.