जुन्या भावाची पांढरी गाडी

डॉक्टर बाहेर आले तेव्हा दवाखान्यातल्या टीव्हीवर गाड्यांची बातमी चालू होती. परदेशातून येणाऱ्या विजेच्या गाड्यांवरचं आयात शुल्क वाढलं होतं. कुणीतरी आवाज कमी केला. डॉक्टरांनी टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याची बायको गेल्याचं सांगितलं. त्या दिवशी त्याला तेवढंच कळलं. गाड्यांचं कळलं ते पुढे, शोरूममधून बोलावणं आलं तेव्हा.

शोरूमच्या विक्रेत्याला स्टँडवरचे सगळे टायवाला म्हणत. तो टाय सैल करायला लागला, की भाव वाढला समजायचं.

"काकूंचं ऐकलं. फार वाईट झालं," तो म्हणाला आणि त्याचा हात टायकडे गेला. "काका, निळी गाडी आता विसरा."

निळी बायकोनं पसंत केली होती. टायवाला तेव्हा पांढरी घ्या म्हणून मागे लागला होता, लगेच मिळेल म्हणाला होता. तिनं ऐकलं नाही. "स्टँडवर सगळ्या पांढऱ्याच. मी काय प्रत्येकीत वाकून बघत बसू, माझा नवरा कुठल्या गाडीत आहे ते?" मग निळी खास मागवली. ती मागच्या जहाजात चढली आणि जहाज बंदराला लागायच्या आत नवं शुल्क लागलं. किंमत सव्वापट झाली.

"मग इथल्या कारखान्यात जुळवतात ती द्या," टॅक्सीवाला म्हणाला.

"तिची बॅटरी काय झाडाला लागते? तीही तिकडूनच येते. ती गाडीपण महागली. शिवाय सगळी गर्दी तिकडेच पळाली, आता वर्षभर थांबा."

थांबणं परवडणारं नव्हतं. नवीन वर्षापासून विमानतळाच्या रांगेत विजेवरच्याच टॅक्सी घेणार होते, आणि त्याचं पोट त्या रांगेवर होतं.

टायवाल्याकडे एक वाट होती. आधीच्या जहाजातून उतरलेली एक पांढरी गोदामात उभी होती, जुन्या भावाची. जुन्या बुकिंगवाल्यांना कंपनी ती देत होती. पण शुल्क वाढल्यावर लोकांनी आपली बुकिंगं वरचे पैसे घेऊन विकायला काढली, तेव्हा कंपनीही शहाणी झाली. ज्याच्या नावावर बुकिंग, त्याच्याशीच मुख्य कचेरीतून फोनवर बोलायचं आणि मग गाडी सोडायची.

बुकिंग बायकोच्या नावावर होतं. घरातली प्रत्येक मोठी वस्तू तिच्याच नावावर यायची. टॅक्सीवाल्यानं एकदा स्वतः जाऊन धुलाई यंत्र आणलं होतं आणि पहिल्याच धुण्याला ते घरभर पाणी सोडून मोकळं झालं. तेव्हापासून त्याच्या हाताला यश नाही, हे दोन्हीकडच्या नातेवाइकांत पक्कं ठरलं होतं.

"घरात कुणी बाईमाणूस असेल तर उचलू दे फोन," टायवाला हळूच म्हणाला. "मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

बाईमाणूस म्हणजे धाकटी मेहुणी. शेजारच्याच गल्लीत कपडे शिवायची. दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की फोनवर त्यांची आईसुद्धा फसायची. त्यानं सगळं सांगितलं. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"त्यात काय एवढं, भाऊजी? बुकिंग ताईचं, राबणार तुम्ही. चोरी कुणाची केली?"

"खोटं बोलायचं म्हणजे..."

"तुम्ही कशाला बोलताय? तुम्ही नुसते गप्प बसा. ते तरी जमतं ना?"

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली. बायकोचा फोन त्यानं चार्ज करून टेबलावर ठेवला होता. तो वाजला, तेव्हा टॅक्सीवाला मोरीत कप विसळत होता.

"हो, मीच बोलतेय," मेहुणी म्हणाली.

त्यानं नळ बंद केला. तिच्याकडे पाठ होती तोवर बोलणारी त्याची बायकोच होती. जन्मतारीख सांगितली गेली, पत्ता सांगितला गेला. त्यानं मान वळवली नाही.

"निळी नाही का? बरं बरं. पांढरी चालेल. काही हरकत नाही."

तो ओल्या हातानं टेबलापाशी आला. आपली बायको दुकानदाराला असं पहिल्या झटक्यात 'चालेल' म्हणाल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मेहुणीच्या हातातून फोन घेतला.

"ही तिची बहीण आहे," तो म्हणाला. "जिचं बुकिंग आहे ती वारली. माझी बायको."

 पलीकडची मुलगी म्हणाली, सॉरी सर, बुकिंग रद्द करावं लागेल, अनामत परत मिळेल. तो ठीक आहे म्हणाला.

मेहुणी कपाळाला हात लावून बसली. "अहो, हातातोंडाशी आलेला घास घालवलात! काय मिळालं?"

"काही नाही."

"मग कशाला बोललात?"

"कुणाला तरी सांगायला हवंच होतं. अजून मी कुणालाच स्वतःच्या तोंडानं सांगितलं नव्हतं."

 मेहुणी उठली आणि तिनं उरलेले कप विसळून पालथे घातले.

पांढरी दोन दिवसांत दुसऱ्याकडे गेली. टायवाल्यानं ते फोन करून कळवलं, आणि वर ऐकवलंही, "काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक दुसरं नाही बघितलं." सव्वापट भावात नवं बुकिंग करायचं, इथल्या गाडीसाठी वर्षभर थांबायचं, की विमानतळ सोडून गावातली भाडी धरायची, हे टॅक्सीवाल्यानं अजून ठरवलेलं नाही.