लाल ठिपका

"काका, चष्मा लावा. आणि गुंड्यालाही घाला."

"याला माझ्यापेक्षा शोभतो हो!" काका म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करायचे. "आणि लिहून घ्या, काल दोन पायऱ्या चढला."

तिने लिहून घेतलं. प्राण्यांच्या दवाखान्यात लेझरचं काम तिच्याकडे होतं. गुंड्या म्हणजे काकांचा तेरा वर्षांचा कुत्रा, कंबर पार धरलेली. आज सहावी खेप. यानंतर डॉक्टरीणबाई तपासणार होत्या. फरक नसेल तर सुई देऊन त्याला कायमचं झोपवायचं ठरलं होतं.

या यंत्राचा लाल ठिपका दिसतो, तो फक्त जागा दाखवायला. दुखणं शमवणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून एका हाताने यंत्राची दांडी फिरवायची आणि दुसरा तळवा मागोमाग केसांवर ठेवायचा. ऊब लागली की समजायचं, काम होतंय.

पण दोन महिन्यांपूर्वी तिने नवऱ्याच्या कपाळावर शेवटचा हात ठेवला, तेव्हापासून तिचा डावा हात खिशातच असायचा. का, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

गुंड्या टेबलावरून घसरला. तिने चटकन डाव्या हाताने त्याला सावरलं, आणि हात तिथेच राहिला. तिसरं मिनिट चालू होतं. कंबर बाकी अंगाहून जराही ऊबदार नव्हती.

तिने पडद्याकडे पाहिलं. ती रजेवर असताना यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं. आता किरण सुरू करायला एक बटण जास्त दाबावं लागतं, हे तिला सांगितलेलंही होतं. रजेनंतर तिच्या वाट्याला आजवर गुंड्या एकटाच आला होता.

"काका, इतके दिवस मी याला नुसता लाल दिवा दाखवला. उपचार झालेच नाहीत. चूक माझी."

काका ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडले असते तरी चाललं असतं.

"पायऱ्या नाही चढला तो," काका हळूच म्हणाले. "मी उचलून नेतो. खरं सांगितलं असतं, तर तुम्ही सुई काढली असती."

तिने स्वतःच डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. सगळं ऐकून त्यांनी यंत्राचा पडदा पाहिला आणि तिच्याकडे वळल्या.

"ताई, मी आज काय करून बसले असते, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"ही पहिली खेप धरा. याच्या सहा पूर्ण करा. मग या खोलीत तुम्ही नकोत."

"बरं."

"आणि काका, घरी काय होतं ते खरं सांगायचं. त्याला दुखतंय, तुम्हाला नाही."

काकांनी मान खाली घातली.

तिने बटण दाबलं. दोन मिनिटांनी तळव्याखाली ऊब आली. तिला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. ऊब आहे, एवढंच कळलं. गुंड्याने हनुवटी काकांच्या मनगटावर टेकली आणि तो घोरू लागला.

यंत्र आपोआप बंद झालं.

"झालं का?" काकांनी कुजबुजत विचारलं.

"झालं."

दोघांपैकी कुणीच हात काढला नाही.