दुखण्याची बोळवण

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे. सुरतेत पांडेसऱ्याला एक डाइंग मिल आहे, तिच्या मागच्या अंगणात माझं ठाण. पाणी पेलून पेलून थकलोय, तेव्हा जरा सावकाश सांगतो. घाई असेल त्यांनी खुशाल खेळायला जावं.

गवंड्यांनी मला विटा-सिमेंटने बांधलं. अर्धा जमिनीत, अर्धा वर, माणसाच्या छातीइतका खोल. आत उतरायला अरुंद पायऱ्या आणि कडेला धरायला लोखंडी दांडा. छापलेल्या साड्या माझ्यात धुतल्या जायच्या. सकाळी मी गुलाबी असे, दुपारी मोरपंखी, आणि दिवेलागणीला कुठल्याच रंगाचा नाही असा काळपट. शेठ यायचे, ओला पदर चिमटीत धरून उजेडात बघायचे आणि म्हणायचे, "सरस." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग जेट मशीन आलं. ते एकटंच रंगवतं, एकटंच धुतं. माझं पाणी तोडलं. फुटके ड्रम, चिंध्या, चहाचे कप माझ्यात पडू लागले. रिकामं राहण्याचाही शीण येतो मित्रांनो, आणि तो कामाच्या शिणाहून जड असतो.

मिलच्या बॉयलरवर हिलालभाऊ होते, धुळ्याकडचे, कमी बोलणारे. त्यांची बायको धुरपदाबाई घरी बसून लूमच्या बॉबिन भरायची. भरता भरता तिच्या गुडघ्यांत संधिवात शिरला. त्यांची खोली माळ्यावर, चढायला उभी लोखंडी शिडी, आणि संडास खाली. पहाटे मुलगा योगराज लूमची रातपाळी करून यायचा, आईला पाठीवर घेऊन खाली उतरवायचा, परत वर न्यायचा. त्याच्या पाठीवर ती डोळे मिटून घ्यायची, लाजेनं. त्याची पाठही शेवटी माणसाचीच. तो म्हणाला, दिवाळी झाली की मायला गावी सोडून येतो, तिथलं घर जमिनीला टेकलेलं आहे. घर होतं, पण त्यात आता कुणी राहत नव्हतं. हे सारं मला मागाहून बायकांच्या बोलण्यातून कळलं.

सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हिलालभाऊंना सांगितलं होतं, "कोमट पाण्यात छातीपर्यंत उभं करा. पाण्यात अंगाचा भार सांध्यांवर पडत नाही." बाई आणखीही काही सांगत होत्या, पण कोमट पाणी म्हटल्याबरोबर हिलालभाऊंना मी आठवलो. बॉयलरच्या वाफेचं पाणी होऊन परत येतं, ते गार पाण्यात मिसळलं की झालं. त्यांनी शेठना विचारलं. शेठ हसले.

"वापर ने, भाई. आम पण एने तोडवानो ज छे."

म्हणजे, वापर, नाहीतरी फोडायचाच आहे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

हिलालभाऊंनी मला सोड्यानं घासघासून धुतलं. सुटीच्या दिवशी पाणी भरलं आणि कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या न्हाणीत बुडवतात तसं. योगराजनं शिडीवरून उतरवून दिलेली धुरपदाबाई हिलालभाऊंच्या आधारानं आली आणि पहिल्या पायरीवरच अडली.

"मी पडसू."

"बॉयलरनी शिडी मी कशी उतरस? तोंड भितकडे, पाठ जगकडे. तशी उतर, योगराजनी माय."

ती पाठमोरी, दांडा धरून, एकेक पाऊल चाचपत उतरली. पण उतरल्यावर तिनं काय केलं? माझ्या काठाला हळदकुंकू लावलं, हात जोडले, आणि पायरीवर गळ्याइतक्या पाण्यात डोळे मिटून बसून राहिली. तिला वाटलं, बरं करायचं ते पाणीच करील. कित्येक सुट्या अशाच गेल्या. मला देव केलं गेलं, आणि देवपण मला झेपेना. तिचे गुडघे होते तसेच. योगराजनं गावी जायची तारीख ठरवली.

त्याच आठवड्यात शेजारची वत्सला तिच्यासोबत आली. तिनं हा सोहळा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"जिजी, पाणीमा बशीसन काय व्हयी? पाय हालाव ना."

"हालाडू कसा? दुखतस."

"मंग दुखू दे. नहीतर गावले जाय, आनि भितसंगे बोल."

ते लागलं. धुरपदाबाई उठली. वत्सलानं साडी खोचली, पाण्यात उतरली आणि दोन्ही हात पुढे केले, फुगडीला करतात तसे.

"या वयमा फुगडी? लोक हासतीन."

"लोक भाहेर शेतस. आठे मी आनि तू."

हात गुंफले गेले. आधी नुसतं झुलणं. मग एक पाऊल, मग दुसरं. पाणी त्यांच्याभोवती गरगरू लागलं, आणि एका क्षणी धुरपदाबाईचं पाऊल माझ्या तळावरून अलगद सुटलं. तिचा सारा भार मी घेतला होता. साड्यांची ओझी वाहिलेल्या मला तो फुलासारखा वाटला. धापा टाकत ती मनाशीच गाऊ लागली:

गुडघ्यात बसलं माय, दुखणं पाव्हणं व्हईसन
पाण्या, बोळव त्याले रे, चार पावलं जाईसन

बाहेर आल्या तेव्हा माझ्या भेगांतला जुना रंग सुटून दोघींचे पाय गुलाबी झाले होते. वत्सला म्हणाली, "आते योगराज इचारी, माय, आळता कोनी लावा?"

त्यानंतर धुरपदाबाई माझ्यात कधी बसली नाही. दांडा धरून पाय झुलवायची, पाणी दळल्यासारखे हात फिरवायची, या काठापासून त्या काठापर्यंत चालायची. मधल्या दिवसांतही वत्सला तिला आणू लागली.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी हिलालभाऊ बॉयलरवर अडकले होते. वत्सला नव्हती. फाटकातून धुरपदाबाई आली, हळूहळू, भिंतीला हात न लावता.

"कोन लई उना तुले?" हिलालभाऊंनी विचारलं.

"कोनी नही. पाठमोरी उतरनू शिडी. योगराज झोपेल शे, उठाडं नही त्याले."

हिलालभाऊ वाल्व्हकडे वळले. वाल्व्ह नीटच होता, तरी ते बराच वेळ तिकडे तोंड करून उभे राहिले.

ती गावी गेली नाही. दुखणं कायमचं गेलं असं मात्र मी सांगणार नाही. थंडीत गुडघे आखडायचे आणि ती कुरकुरत उतरायची. मग माझ्याच तळाला तडा गेला, पाणी दुपारपर्यंतही टिकेना. शेठच्या माणसानं येऊन माझ्यावर खडूनं फुली मारली. मला वाटलं, बरं झालं. आता निजायला मिळेल.

दुसऱ्या दिवशी योगराज आला, घमेल्यात सिमेंट घेऊन. याआधी तो माझ्याकडे कधीच आला नव्हता. शेठशी बोलून, फुली पुसूनच आत उतरला.

"तुले गवंडीकाम येस का?" हिलालभाऊ वरून म्हणाले.

"नही येत."

"मंग?"

"बा, आते मन्ही पाठ दुखस. उद्या मालेच लागी हाऊ हौद."

त्यानं भरलेला तडा ओबडधोबड आहे. तिथून अजून थोडं पाणी झिरपतं, आणि मी पुन्हा भरलेला, पुन्हा थकलेला उभा आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी भिंत धरून उठत असेल, तर 'तू बसून राहा' म्हणू नका. हात पुढे करा आणि पाऊल उचलेपर्यंत थांबा. थांबताना मात्र तोंडावर घाई दिसू देऊ नका. दुखणाऱ्या माणसाला ती फार लवकर दिसते.